खिशातील यंत्र आणि चावडीवरील वार्ता

१९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत तत्कालीन मुंबई राज्यातील सुमारे दीडशे खेड्यांत आठवड्यातून दोन वेळा एक नवाच प्रघात सुरू होता. दिवेलागणीच्या सुमारास गावातील पंधरा-वीस मंडळी रेडिओच्या संचाभोवती जमत आणि आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून होणारा अर्ध्या तासाचा शेतीविषयक कार्यक्रम ऐकत. कार्यक्रम संपला की संच बंद केला जाई आणि खरे काम तेथून पुढे सुरू होई. ऐकलेली गोष्ट आपल्या गावच्या जमिनीस लागू पडते काय, खर्च किती येईल, पूर्वी कोणी करून पाहिले होते काय, असा खल चाले. मंडळाचा निमंत्रक चर्चेचे टिपण करी, आणि उरलेल्या शंका टपालाने पुणे केंद्राकडे रवाना होत. पुढील एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत.

युनेस्कोच्या साहाय्याने झालेला हा प्रयोग म्हणजे शेतकरी श्रोतृमंडळांचा पुणे प्रयोग होय. मूळ कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांची. तेथे १९४१ पासून अशी मंडळे चालत असत. पुण्याच्या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने केली, आणि त्या पाहणीतील एक निष्कर्ष आजही विस्तारकार्य करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा इतक्या मोलाचा आहे. न्यूराथ यांनी तीन प्रकारची गावे तपासली होती. काहींत रेडिओ होता आणि श्रोतृमंडळही होते, काहींत नुसताच रेडिओ होता, तर काहींत दोन्ही नव्हती. श्रोतृमंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत ठळक भर पडल्याचे दिसून आले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र ही भर फारच थोडी होती. यंत्र तेच आणि आवाजही तोच; कार्यक्रम संपल्यानंतर मंडळी बसून बोलत की उठून घरी जात, एवढ्यानेच हा फरक पडला होता.

या घटनेस आता सत्तर वर्षे होत आली. १९५९ पासून ही मंडळे देशभर काढण्यात आली, पुढे ती मागे पडली. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला आणि रेडिओ चावडीवरून बांधावर गेला. दूरदर्शन आले. १९९५ साली देशात मोबाईल दूरध्वनी सुरू झाला, आणि २०१६ नंतर इंटरनेटचा दर एकदम खाली आल्यावर खेड्यातील तरुणाच्या खिशात असे यंत्र आले की ज्यात रेडिओ, चित्रपटगृह, वर्तमानपत्र, टपालपेटी आणि बँकेचे पासबुक ही सर्वच सामावली. १९५६ साली संपूर्ण गावास मिळून एक संच होता. आज पुष्कळ घरांत दोन-तीन संच असतात आणि प्रत्येक जण आपापल्या संचावर एकट्यानेच ऐकतो.

यंत्राची निवड

मोबाईल संचाविषयी बातम्यांचा सुकाळ आहे. दर महिन्यास नवा नमुना बाजारात येतो, त्याच्या आगमनाचे सोहळे होतात आणि जुना संच असलेल्या माणसास आपण फार मागे पडलो असे वाटू लागते. या बातम्यांतील बराचसा भाग कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलविषयी असतो. मेगापिक्सेल वाढल्याने कपाशीवरील गुलाबी बोंडअळी दिसू लागते असे नाही. ती अळी बोंडाच्या आत असते आणि तिच्यासाठी बोंड फोडूनच पाहावे लागते.

शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारे प्रश्न या बातम्यांत क्वचितच विचारलेले आढळतात. भर दुपारी उन्हात पडद्यावरील अक्षरे वाचता येतात काय? दिवसभर भारनियमन असल्यास बॅटरी सायंकाळपर्यंत पुरते काय? तालुक्याच्या ठिकाणी पडदा बदलून मिळतो काय, की त्यासाठी संच शहरात पाठवून पंधरा दिवस वाट पाहावी लागते? धूळ आणि पाणी यांपासूनच्या संरक्षणाबाबत खोक्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. आकडा जितका मोठा तितके संरक्षण अधिक. परंतु पाण्याची ही चाचणी प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात घेतलेली असते. फवारणीचे द्रावण म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे, आणि पाण्याने झालेली नादुरुस्ती हमीपत्रात बहुधा धरलेली नसते. म्हणून फवारणीच्या वेळी संच बांधावरील पिशवीत ठेवणे हाच शहाणपणा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे संचाचे आयुष्य. बैलगाडीचे चाक झिजले म्हणजे डोळ्यांना दिसते. मोबाईल संच बाहेरून चकचकीत असतानाच आतून निकामी होत जातो. कंपनी ठरावीक वर्षेच त्याच्या प्रणालीस सुधारणा, म्हणजे अपडेट, पुरविते. त्यानंतर सुरक्षेतील छिद्रे बुजविली जात नाहीत आणि कालांतराने बँकेची व शासनाची ॲप त्यावर चालेनाशी होतात. स्वस्तात मिळालेला जुन्या नमुन्याचा संच दोन वर्षांतच असा अडून बसला तर तो स्वस्त म्हणावा कसा? तेव्हा खरेदी करताना दुकानदारास ‘या संचास अपडेट किती वर्षे मिळणार?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा. पुष्कळ दुकानदारांना त्याचे उत्तर ठाऊक नसते, परंतु कंपनीच्या माहितीत ते सापडते.

दुरुस्तीचा हा प्रश्न केवळ मोबाईलपुरता नाही. अमेरिकेतील शेतकऱ्यांना तो ट्रॅक्टरच्या बाबतीत भोवला. तेथील मोठे ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रे ही आता चाकांवरचे संगणकच झाली आहेत, आणि बिघाड शोधण्याची किल्ली उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याच्याच हाती राहू लागली. ऐन कापणीत यंत्र बंद पडावे आणि घरच्या हत्यारांनी ते सुरू करता येऊ नये, या संतापातून ‘दुरुस्तीचा हक्क’ ही चळवळ तेथील शेतांत फोफावली. कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांसाठी असा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली याच विषयावर समिती नेमली. तिच्या कक्षेत मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्याबरोबर शेतीअवजारेही आहेत. वीतभर फोन आणि पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर यांस एकाच यादीत बसविले याचे कोणास आश्चर्य वाटेल, परंतु ज्याच्या ट्रॅक्टरने एकदा पडद्यावर अगम्य चिन्ह दाखवून पेरणीच्या दिवशी दगा दिला आहे त्यास ते वाटणार नाही.

विचारलेली बातमी आणि आलेली बातमी

यंत्र चांगले मिळाले तरी त्यातून येणारी बातमी चांगली असेलच असे नाही. येथे दोन घटना शेजारीशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली केरळातील. १९९७ पासून उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाईल सेवा सुरू झाली आणि तारली पकडणारे कोळी समुद्रातूनच फोन करू लागले. त्यापूर्वी प्रत्येक नाव आपल्या ठरलेल्या बंदरात जाई. तेथे आधीच मासळीचा ढीग पडलेला असला तर माल फेकून द्यावा लागे, आणि थोड्याच अंतरावरील दुसऱ्या बंदरात गिऱ्हाईक रित्या हाताने परतत असे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने या बंदरांचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फोन आल्यावर बंदराबंदरांतील भावांची तफावत कमी झाली, मासळी फेकण्याचे प्रकार जवळजवळ थांबले, कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकास मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, त्या कोळ्यांच्या फोनवर चित्रे नव्हती की बातम्या नव्हत्या. त्यांच्यापाशी एक नेमका प्रश्न होता, आणि तो ज्याला उत्तर ठाऊक आहे अशा माणसास ते विचारीत.

दुसरी घटना २०२० सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील. कोंबडीचे मांस खाल्ल्याने करोना होतो असा मजकूर मोबाईलवरून घरोघर पोहोचला. केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने फेब्रुवारीतच या म्हणण्यास आधार नसल्याचे स्पष्ट केले होते, परंतु खुलासा पायी चालत होता आणि अफवा केव्हाच पुढे गेली होती. गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकेना. जिवंत पक्ष्याचा भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली घसरला. महाराष्ट्रात काही ठिकाणी पिल्ले आणि उबवणीची अंडी नष्ट करण्याची पाळी आली. कोंबडीखाद्यात मका आणि सोयाबीनची पेंड मोठ्या प्रमाणावर लागते. त्यामुळे ज्याने जन्मात कोंबडी पाळली नाही अशा मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यासही त्याची झळ बसली. आणखी एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. तो मजकूर पुढे पाठविणाऱ्यांत शेतकऱ्यांची मुलेही होतीच. आपल्याच गावातील पोल्ट्रीचे शेड आपण बंद पाडीत आहोत हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

पैशाचे नुकसान कालांतराने भरून निघते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी जे घडले ते भरून निघणारे नव्हते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या सुमारास देशभर मोबाईलवरून पसरली होती. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेकरिता आलेल्या भटक्या जमातीच्या पाच जणांना बाजाराच्या दिवशी जमावाने त्या संशयावरून ठार मारले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. २०२० च्या एप्रिलमध्ये, अनेकदा पुढे ढकलला गेलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असा निर्बंध आला. अशा मजकुरावर दुहेरी बाणाची खूण दिसते. ती खूण म्हणजे मजकूर खोटा असल्याचा पुरावा नव्हे. तो लिहिणारा माणूस आपल्यापासून फार दूर आहे आणि त्याला विचारण्याची सोय उरलेली नाही, एवढेच ती सांगते.

बाजारभावाच्या बाबतीत सरळ खोटे सहसा येत नाही. येते ते अर्धे खरे. कृषी पणन मंडळाच्या दैनंदिन भावपत्रकात प्रत्येक शेतमालाची आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे चार आकडे असतात. यूट्यूबवरील चित्रफितीच्या कपाळावर मात्र बहुधा कमाल दरच झळकतो. बाजारात कमाल दर एखाद्याच निवडक वाहनास मिळालेला असू शकतो. बहुतेकांच्या मालाचा सौदा कोठे झाला हे सर्वसाधारण दरावरून कळते. कांद्याचा कमाल दर ऐकून जो चाळ उघडतो आणि भाड्याचा टेम्पो करून लांबच्या बाजारात जातो, त्यास तेथे आपला माल दुसऱ्या प्रतीचा ठरल्याचे कळते, आणि परतीचे भाडे खिशातून जाते. आवकेचा आकडाही पाहावा. शंभर क्विंटलांच्या बाजारातील दर आणि वीस हजार क्विंटलांच्या बाजारातील दर यांचे वजन सारखे नसते. चित्रफीत करणाऱ्यास तिच्या प्रेक्षकसंख्येवर जाहिरातीचे उत्पन्न मिळते. सर्वसाधारण दर सांगितल्यास कोणी थांबून पाहत नाही, ही त्याची अडचण आहे आणि ती समजण्याजोगी आहे. तिचा भार शेतकऱ्याने आपल्या टेम्पोवर का घ्यावा?

हवामानाच्या मजकुराचेही असेच. हवामान विभागाचा पिवळा, नारिंगी अथवा लाल इशारा ठरावीक दिवसांपुरता आणि ठरावीक जिल्ह्यांपुरता असतो. त्याचे चित्र दिनांक कापून फिरू लागले की गतवर्षीचा लाल इशारा यंदाच्या कोरड्या दिवसास येऊन चिकटतो. काढणीस आलेले सोयाबीन त्यावर विसंबून घाईने कापले, तर ओल्या शेंगांचे काय होते हे सांगावयास नको. म्हणून आधी दिनांक पाहावा. दिनांक नसलेला इशारा म्हणजे तिकिटावर गावाचे नाव नसलेली एस. टी.

फसवणुकीचा एक प्रकार अलीकडे फार वाढला आहे. पी. एम. किसान योजनेच्या नावाने एक संदेश येतो, त्यासोबत एक फाईल असते, आणि नावाच्या अखेरीस ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती उघडली की फोनची सूत्रे परक्याच्या हाती जातात, बँकेचे ओटीपी त्याला वाचता येतात आणि खाते रिकामे होते. कोणत्याही शासकीय योजनेचे ॲप अशा रीतीने व्हॉट्सॲपवरून घेऊ नये. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. पहिल्या तासाभरात तक्रार झाल्यास रक्कम वाटेतच अडविली जाण्याची शक्यता अधिक असते. गावातील कार्यकर्त्यांनी हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत रंगवून घ्यावा. ज्याचा फोनच लुटला गेला आहे त्यास तो क्रमांक फोनमध्ये शोधता येणार नाही.

फोन कोणाच्या हाती?

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे आणि पेरा नोंदवावा, अशी ही पद्धत आहे. ही नोंद सातबाऱ्यावर येते. नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी यांच्या वेळी ती पाहिली जाते. म्हणजे पूर्वी जे तलाठ्याच्या दप्तरात होते ते आता फोनमध्ये आले. सोय झाली हे निर्विवाद. परंतु संच नाही, किंवा आहे आणि शिवारात रेंज नाही, किंवा रेंज आहे आणि अंतिम मुदतीच्या सुमारास गर्दीमुळे ॲप उघडत नाही, अशा शेतकऱ्याचे काय? मुदतीच्या पहिल्याच आठवड्यात गावातील सर्व नोंदी आटोपण्याचा परिपाठ ज्या कार्यकर्त्याने घातला, त्याच्या गावास अखेरच्या दिवसाची धावाधाव करावी लागत नाही.

याच ओघात स्त्रियांचा विचार करावा लागतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांपाशीच स्वतः वापरावयाचा मोबाईल होता, आणि ग्रामीण भागात हे प्रमाण याहूनही कमी होते. निंदणी, खुरपणी, वेचणी आणि दूध काढणे ही कामे जिच्या हातची, तिला किडीचा इशारा नवऱ्याच्या अथवा मुलाच्या फोनवरून कळावयाचा, आणि तो फोन दिवसभर तालुक्यास गेलेला! कापूस वेचणाऱ्या बाईस सायंकाळी कळलेला विजेचा इशारा दुपारच्या काय उपयोगाचा? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडण्याचा धोका आधी सांगते. ते शेतात काम करणाऱ्या व्यक्तीच्या फोनवर असले तरच त्याचा लाभ.

२०२५ पासून कृषी विभागाचे ‘महाविस्तार’ हे ॲपही मराठीतून प्रश्नांना उत्तरे देते. यंत्रास विचारावे आणि त्याने बोलून सांगावे, हे १९५६ च्या श्रोत्यास जादूसारखे वाटले असते. तथापि औषधाची मात्रा कोणत्याही यंत्राने सांगितली तरी बाटलीवरील लेबल वाचूनच द्रावण करावे. लेबलावर त्या पिकाचे नाव आहे काय हे पाहावे, आणि विषारीपणा दर्शविणाऱ्या चौकोनी खुणेतील लाल, पिवळा, निळा अथवा हिरवा रंग पाहून हातमोजे व तोंडावरील पट्टी यांची तयारी करावी.

श्रोतृमंडळांची ती जुनी रीत पुन्हा काढून पाहण्यास खर्च काहीच येत नाही. आठवड्यातून एका सायंकाळी, शक्यतो बाजाराच्या आदल्या दिवशी, पाच-पंचवीस स्त्री-पुरुषांनी एकत्र बसावे. त्या आठवड्यात ज्या मजकुराची गावात सर्वाधिक चर्चा झाली तो एकाने मोठ्याने वाचून दाखवावा. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या जिल्ह्यासाठी लिहिला आणि त्यात विकावयाचे काही आहे काय, एवढे चार प्रश्न मंडळींनी विचारावेत. भावाचा मजकूर असल्यास बाजार समितीत काल माल नेऊन आलेला शेतकरी बहुधा त्या बैठकीतच सापडतो. त्याची हिशेबपट्टी पाहिल्यास निम्मे वाद मिटतात. जे मिटणार नाहीत त्यांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक आहे. २००४ पासून चालू असलेल्या या सेवेवर सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मराठीतून विचारता येते. फोनचा आवाज मोठा करून तो मध्यभागी ठेवला म्हणजे उत्तर सर्वांना ऐकू जाते. निमंत्रकाने प्रश्न आणि उत्तर दिनांकासह वहीत उतरून ठेवावे. पुढील हंगामात तोच मजकूर नव्या वेषात परत येतो, आणि त्या वेळी ही वही उपयोगी पडते.